तलवार नंतर, आधी बसायला शीक

व्हीलचेअर तलवारबाजीच्या पहिल्याच दिवशी तलवार कुठली घेऊ, हे विचारलंस. मीही तेच विचारलं होतं! सध्या क्लबातली फॉइल, म्हणजे हलकी तलवार, वापर. एपे, सेबर या दुसऱ्या तलवारी, अपंगत्वानुसार खेळाडूंचं वर्गीकरण, सगळं पुढचं.

१९६०च्या रोम पॅरालिम्पिकपासून हा खेळ आहे, पण पळवाट अजून निघालेली नाही: दोन्ही खुर्च्या चौकटीला घट्ट आवळलेल्या, मागे सरकायची सोयच नाही. अंतर राखायचं ते कमरेतून. झुकायचं, टोचायचं, लगेच मागं यायचं. रिकाम्या हातानं खुर्ची धरायची. बैठक उचलली की पंच दंड देतात.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- हात आखडलेला आणि धड पुढं. आधी हात सरळ, मग धड. सांगलीतल्या घरी मी दाराला जुनी उशी टांगून महिनाभर एवढंच केलं. उशी फाटली, घरच्यांची बोलणी खाल्ली, पण हात सुटला.
- डोक्यावर, दंडावर टोचत बसणं. फॉइलमध्ये गुण फक्त धडाचा.
- ‘एकच डाव’ म्हणत मास्क न घालणं. यात माफी नाही.

रविवारी लवकर ये. भडंग मी आणतो, हातमोजा तू आण.