वाचकांचे प्रश्न : गिअरच्या मोटरसायकलची टेस्ट

प्रश्न : मला नुकतीच १८ वर्षं पूर्ण झाली. गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स काढायचं आहे. लर्निंग मिळाल्यावर पक्क्या लायसन्सची टेस्ट लगेच देता येते का?
– एक विद्यार्थी, सांगली

नाही. लर्निंग लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवस उलटल्यावरच टेस्ट देता येते, आणि लर्निंगची मुदत ६ महिने असते. अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर भरा. वाहनाचा प्रकार निवडताना ‘विथ गिअर’च निवडला आहे ना, हे दोनदा पाहा. गिअरच्या लायसन्सवर स्कूटर चालवता येते, पण बिनागिअरच्या लायसन्सवर मोटरसायकल चालवता येत नाही.

लर्निंगच्या परीक्षेत १५ प्रश्न असतात, त्यांपैकी ९ बरोबर यावे लागतात. आधार क्रमांकाच्या आधारे अर्ज केल्यास ती घरूनही देता येते. मग घरच्या कुणाला शेजारी बसवून उत्तरं विचारायचा मोह होतो. तो टाळा, कारण हेच प्रश्न पुढे रस्त्यावर रोज समोर येणार आहेत. चिन्हं पाठ करण्याआधी त्यांचे आकार समजून घ्या : गोल म्हणजे आदेश किंवा मनाई, त्रिकोण म्हणजे धोक्याची सूचना, आयत म्हणजे माहिती. सिग्नल, पोलीस किंवा चिन्ह नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, हा नियम अनेकांना माहीतच नसतो.

सराव करताना गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस असावी. मागच्या सीटवर फक्त शिकवणारा, तोही पक्कं लायसन्स असलेला. मित्राला मागे बसवून कॉलेजला जाणं या काळात नियमात बसत नाही.

प्रश्न : सरळ रस्त्यावर मला गाडी छान चालवता येते, पण आठचा आकडा काढताना पाय टेकतो, नाहीतर गाडी बंद पडते. टेस्ट तोंडावर आली आहे.
– एक वाचक, चिपळूण

वेगात गाडी स्वतःच तोल सांभाळते, त्यामुळे सरळ रस्त्यावर चांगलं चालवता येणं ही तयारीची खूण नव्हे. टेस्टमध्ये खरा कस लागतो तो चालण्याच्या वेगात, आणि तिथे सगळं काम डाव्या हाताचं असतं.

आधी क्लचची केबल तपासा. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळा खेळ असावा. केबल फार ढिली असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नाही. पहिला गिअर टाकताच गाडी झेपावते आणि थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. फार ताणलेली असेल तर क्लच घसरत राहतो. दोन्ही दोष मेकॅनिककडे पाच मिनिटांत निघतात, पण शिकणारा मात्र आपल्यालाच येत नाही असं समजून बसतो.

मग मोकळ्या, सपाट मैदानावर इंजिन गरम करून पहिला गिअर टाका. रेस अजिबात न देता क्लच इंचाइंचाने सोडा. इंजिनाचा आवाज किंचित खाली येईल, गाडी पुढे सरकू लागेल. तो बिंदू बोटांत बसला पाहिजे. तिथून क्लच पुन्हा दाबा, थांबा, पुन्हा सोडा. बहुतेक १०० ते १२५ सीसी गाड्या सपाट जागी बिनरेसच्या, नुसत्या क्लचवर सरकतात. गाडी बंद पडते ती याच बिंदूवर क्लच झटक्यात सुटल्यामुळे.

हे जमलं की दोन विटा ८ मीटर अंतरावर ठेवून त्यांच्याभोवती आठ काढा. अंतर हळूहळू ६ आणि मग ५ मीटरवर आणा. रेस एकसारखी आणि अगदी थोडी. क्लच अर्धा दाबलेला. वेग कमी करायचा असेल तर उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकेच. रेस सारखी कमी-जास्त केली की गाडी गचके खाते आणि पाय टेकतो. अर्ध्या क्लचवर चालवल्याने क्लच जळेल अशी भीती घातली जाते. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच असतो, त्यामुळे असा थोडा वेळ सराव करायला हरकत नाही. मध्ये मध्ये गाडीला विश्रांती द्या, एवढंच.

हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक मात्र दाबू नका. या वेगात तो गाडी जागच्या जागी आडवी पाडतो. नजर पुढच्या चाकावर किंवा जवळच्या विटेवर नको. वळण अर्धं झालं की मान वळवून पुढच्या विटेकडे बघा.

चढावर थांबून निघायला सांगितलं, तर मागचा ब्रेक दाबून धरा, क्लच त्या बिंदूपर्यंत आणा, थोडी रेस द्या आणि मगच ब्रेक सोडा.

हाताचे इशारेही विचारतात. ते उजव्या हाताने करायचे असल्याने रेस सुटते आणि गाडी मंदावते. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये १५ ते २० किलोमीटर वेगात, एका हाताने हँडल सरळ धरण्याचा सराव आधी मैदानावर करा.

प्रश्न : माझं वय ४३. उंची कमी असल्याने दोन्ही टाचा जमिनीला टेकत नाहीत. मोटरसायकल शिकावी का?
– एक वाचिका, नाशिक

जरूर शिका. दोन्ही टाचा टेकण्याची गरज नसते. थांबताना डावा पाय खाली आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर, एवढं पुरतं. सीटची उंची ८०० मिलिमीटरच्या आत असलेली हलकी १०० सीसी गाडी निवडा. थांबताना हँडल सरळ करूनच थांबा; तिरक्या हँडलावर गाडी कलली की तिचं शंभर किलोंहून जास्त वजन पायावर येतं.

गिअरची रचनाही बघून घ्या. काही १०० सीसी गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, इतर बऱ्याच गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. एका गाडीवर शिकून दुसरीवर टेस्ट दिल्यास ऐन वेळी पाय चुकतो. चाळिशी ओलांडल्यामुळे तुम्हाला अर्जासोबत डॉक्टरांचं फॉर्म १-ए प्रमाणपत्रही लागेल.

प्रश्न : टेस्टला काय काय न्यावं? नापास झालो तर?
– एक वाचक, कोल्हापूर

मूळ लर्निंग लायसन्स, अपॉइंटमेंटची प्रत, आयएसआय चिन्हाचं हेल्मेट. ज्या गाडीवर टेस्ट द्यायची तिचं आरसी, चालू विमा आणि पीयूसी. गाडी मित्राची असली तरी चालते, पण कागद संपलेले नकोत. ब्रेक लाइट आणि इंडिकेटर सकाळीच तपासा. साइड स्टँड वर घेऊनच निघा; अनेक नव्या गाड्यांत तो खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं, आणि घाबरलेल्या माणसाला कारणच कळत नाही.

नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा देता येते. तीन वेळा देऊनही जमलं नाही तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. म्हणून पहिल्यांदा नापास झाल्यावर आठव्याच दिवशी धावू नका. कुठे पाय टेकला हे निरीक्षकांना विचारा आणि तेवढ्याच भागाचा सराव करा. लर्निंगची ६ महिन्यांची मुदत मात्र या काळातही चालूच असते, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.