अकरा दिवसांच्या बाळंतिणीला

पोरी,

काल रात्री पावणेदोनला तुझा मेसेज आला, "मावशी मला दूधच नाही, लेकरू नुसतं रडायलंय, सगळे म्हणायलेत आता डब्याच्या दुधावरच टाक". मी सकाळी बघितला आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. फोन केला तर तुझ्या बाजूला चार जणी बसलेल्या असतात आणि तू नुसती हं हं करतीस, म्हणून लिहायलेय. निवांत वाच आणि आईलाही वाचून दाखव.

सरकारी दवाखान्यात 27 वर्षं नर्स होते मी, तुला माहितीच आहे. "दूध नाही" म्हणत आलेल्या बहुतेक बाळंतिणींना दूध असायचं. लेकरू रडतंय, छाती मऊ लागायली, पिळून बघितलं तर चारच थेंब आले, एवढ्यावर घरच्यांनी निकाल देऊन टाकलेला असायचा. ह्या तिन्ही गोष्टींवरून काहीच कळत नाही गं. लेकरू उकडलं तरी रडतं, कुशीत यायचं असलं तरी रडतं, आणि संध्याकाळच्या वक्ताला तर दोन-दोन तास धरतं-सोडतं, धरतं-सोडतं, ते सगळ्याच लेकरांचं असतं.

कळतं ते लंगोटावरून आणि काट्यावरून. पाच दिवसांच्या पुढच्या लेकराने 24 तासांत सहा तरी लंगोट चांगले ओले करायला पाहिजेत, शू पाण्यासारखी फिकी, आणि तीन-चार वेळा पिवळी पातळ शी. वजन पहिल्या तीन-चार दिवसांत उतरतंच, शंभरात सात-आठ उतरलं तरी आम्ही घाबरत नसतो, दहाच्या वर गेलं की मात्र बघावं लागतं. तिथून पुढं रोज 20 ते 30 ग्रॅम चढायला पाहिजे आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या आकड्यावर परत यायला पाहिजे.

आता तुझे आकडे. जन्माला 2 किलो 800, चौथ्या दिवशी सुट्टी झाली तेव्हा 2 किलो 600, काल अंगणवाडीच्या काट्यावर 2 किलो 700. म्हणजे सहा दिवसांत 100 ग्रॅम, तेही दिवसातून तीनदा डब्याचं दूध देऊन, आणि लंगोट तू म्हणतीस पाच, कधी सहा. तुला खोटा धीर देणार नाही. बाकीच्यांना मी "काही नाही गं, दूध आहे तुला" म्हणून घरी पाठवलं असतं, पण तुझं दूध आत्ता खरंच थोडं कमी पडायलंय. चढायलंय लेकरू, पण हळू. त्यामुळं आशाताई 14 व्या दिवशी घरी येऊन वजन करील तोवर थांबू नको, उद्या बारसं आहे ते असू दे, सकाळी आधी अंबाजोगाईला लेकरांच्या डॉक्टरकडं जाऊन ये, मग पाहुण्यांचं बघ. आणि लेकरू उठवूनही उठेना, पाजायला घेतलं तरी ओढेना, टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, अंग तापलं, डोळे पिवळे दिसायले, किंवा शू गडद नाहीतर लालसर व्हायली, तर सकाळचीही वाट बघू नको, रात्री असलं तरी गाडी काढायला लाव.

कमी का पडलं? तुमच्या घरी म्हैस आहे म्हणून तुला पटकन कळेल. पारडू तोंड लावतं तेव्हा म्हैस पान्हावते, आणि नवा माणूस धारेला बसला, कुत्रं भुंकलं, कुणी ओरडलं, की तीच म्हैस दूध चोरते. कासेत असून देत नाही. बाईचंही तसंच आहे. लेकराने ओढलं की मेंदूतून दोन हार्मोन सुटतात, एक दूध बनवायचं आणि एक बनलेलं बाहेर ढकलायचं, आणि हे ढकलणारं भीतीनं, दुखण्यानं, चार जणींच्या तोंडाकडं बघून अडतं. आणि छातीत दूध तसंच साठून राहिलं की शरीर समजतं इथं लागत नाही, बनवणं कमी करतं. जितकं निघेल तितकं बनेल, ह्याच्या पलीकडं त्यात गुपित नाही. तुझं सिझर झालं, रक्त बरंच गेलं, पहिले तीन दिवस लेकरू वेगळ्या खोलीत ठेवून बाटलीनं पाजलं, आणि घरी आल्यावर रात्री आजी लेकरू घेऊन झोपते, बाटली देते, "तुला झोप मिळावी" म्हणून. प्रेमानंच करते ती. पण रात्री दूध बनवणारं हार्मोन जास्त असतं, आणि नेमकं तेव्हाच तुझी छाती सात-सात तास रिकामी होत नाही.

म्हणून आज रात्रीपासून लेकरू तुझ्याजवळ. दोन ते अडीच तासांनी पाजायचं, पाजायला घेतलं त्या वेळेपासून मोजायचं, दिवसा-रात्री मिळून आठ ते बारा वेळा. झोपलं असलं तरी लंगोट सोडून, तळपाय चोळून उठवायचं. आधी एक बाजू, गिळणं थांबलं की दुसरी. ओढायचं मंदावलं की छाती हातानं हळू दाबून धरायची म्हणजे परत धार जाते, गिळायला लागतं. आणि दिवसातून जमेल तितकं लेकराला नुसत्या लंगोटावर तुझ्या उघड्या छातीवर घेऊन पड, वरून पातळ लुगडं टाक. पत्र्याच्या घरात 42 डिग्रीत हे जड वाटेल, पण पहाटे आणि दिवस मावळल्यावर जमतं.

तू पाठवलेला फोटो बघितला, त्यात लेकरू फक्त निप्पल धरून ओढायलंय. म्हणून तुला भेगा पडल्यात आणि म्हणून त्याला पुरेसं मिळत नाही, खरा घोळ मला इथंच वाटतो. टाके दुखतात तर काखेत धर, उशीवर, पाय तुझ्या पाठीकडं. नाहीतर कुशीवर पडून. लेकराचं पोट तुझ्या अंगाला टेकलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक निप्पलसमोर. जांभई देतं तसं मोठं तोंड उघडेपर्यंत थांब, आणि उघडलं की लेकराला छातीकडं आण, छाती लेकराकडं वाकवू नको. नीट लागलं की हनुवटी छातीत रुतते, खालचा ओठ बाहेर पलटतो, काळा भाग वरून जास्त दिसतो खालून कमी, आणि दोन-तीन ओढींनंतर गिळल्याचा हलका आवाज येतो. पहिल्या क्षणापलीकडं दुखत राहिलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि परत लाव, दहा वेळा करावं लागलं तरी कर. उद्या डॉक्टरला जीभ उचलून बघायलाही सांग, काही लेकरांची जीभ खाली बांधलेली असते, मग त्यांना ओढताच येत नाही.

पाजून झालं की दोन्हीकडून दहा-दहा मिनिटं हातानं काढायचं. गरम पाण्याचा पंचा दोन मिनिटं ठेव, मग अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागं, आधी आत दाबायचं आणि मग बोटं एकमेकांकडं. निप्पल ओढू नको. पहिल्या दिवशी चमचाभर निघेल आणि तू रडशील, मला माहितीय. वाटी उकळून घेतलेली असावी, निघालं तेवढं बोंडल्यानं पाज. ह्या उन्हात बाहेर ठेवू नको, लगेच पाज.

डब्याचं एकदम बंद करायचं नाही, हे नीट ऐक, कारण भावनेच्या भरात बायका तेच करतात आणि लेकरू उपाशी राहतं. डॉक्टर सांगतील तेवढं दे, पण आधी अंगावर, मग काढलेलं, मग राहिलंच तर डब्याचं, आणि ते बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं. बाटली उचलून ठेव, तिच्यातून आपोआप गळतं, मग छातीवर कष्ट करायला लेकरू तयार होत नाही. पावडर डब्यावरच्या मापानंच घालायची, उकळलेल्या पाण्यात. डबा महिनाभर पुरावा म्हणून पाणी वाढवलेली घरं मी बघितलीत, ती लेकरं नुसती टम्म पोटाची आणि हातापायाच्या काड्या. वजन चढायलं की डब्याचं हळूहळू कमी करता येतं, काट्याकडं बघत.

गाईचं दूध पाणी घालून नको, मध नको, घुटी नको, आणि वरचं पाणी अजिबात नको. "एवढ्या उन्हात लेकराच्या घशाला कोरड पडंल गं माय" हे तुला दिवसातून दहा वेळा ऐकावं लागेल. आईच्या दुधात शंभरातले सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. त्या इवल्या पोटात पाण्यानं जागा भरली तर दूध कमी पितं, आणि कमी प्यायलं की तुझं कमी बनतं.

माझ्या थोरल्याच्या वेळी, 1993 ला, मी नर्सिंगला गेलेली नव्हते. सहाव्या दिवशी घरातल्या एका मोठ्या बाईनं सांगितलं, हिला दूध नाही, आणि बकरीचं दूध पाणी घालून बाटलीनं सुरू झालं. कुणी माझ्या छातीला लेकरू नीट लावून दाखवलं नाही. पंधरा दिवसांत जुलाब, सलाईन, लेकराच्या डोक्यात सुई, आणि दीड महिन्यात माझं दूध पूर्ण आटलं. पोरगा आज धडधाकट आहे, पण ती सुई मी विसरले नाही. तुला एवढं तपशिलात लिहायलेय ते त्यामुळं.

खाण्याचं. आहळीवाची खीर, खारीक-खोबऱ्याचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, बाळंतशोप, सगळं खा, आई करते तर नाही म्हणू नको, तुझं रक्त गेलंय आणि आहळीवात लोह चांगलं असतं. पण खिरीनं दूध वाढतं म्हणून पाजायच्या वेळा चुकवल्या तर खीर काही करू शकत नाही. शतावरीचंही तेच. दूध वाढायच्या गोळ्या मेडिकलवरून आपल्या मनानं आणू नको, त्यातल्या काही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, डॉक्टरनं लिहून दिल्या तरच. सर्दीच्या काही गोळ्यांनी दूध कमी होतं, तेही विचारून घे. आणि बाळंतिणीला पाणी तोडायचं ते खूळ तुमच्याकडं अजून असेल तर मोडून काढ, तहान लागेल तेवढं पी, पाजायला बसताना तांब्या शेजारी. उगीच ओतूनही दूध वाढत नाही.

स्वतःसाठीही डॉक्टरला विचार. रक्त किती आहे, थायरॉईड कसं आहे, रक्तस्राव अजून जास्त जातोय का, वारेचा तुकडा आत राहिला असेल तर त्यानंही दूध उतरत नाही. तुला पाळीचा तो पीसीओडीचा त्रास होता हेही सांग. आणि हे सगळं करून, आठ-दहा दिवस नेटानं करूनही पुरेसं नाही आलं, तर नाही आलं. थोड्या बायकांच्या छातीत दूध बनवणारा भागच कमी असतो, त्यात त्यांचा काही गुन्हा नसतो. मग निम्मं तुझं, निम्मं डब्याचं, असं लेकरू उत्तम वाढतं, आणि तुझं जेवढं पोचेल तेवढं त्याच्या कामाचंच आहे. ह्यावरून कुणी तुला आईपण शिकवायला आलं तर माझा नंबर दे.

उद्या बारशाला घर भरेल. आतल्या खोलीचं दार लावून पाजायला बस, फक्त आईला आत घे. "दूध आहे का गं?" असं विचारणारीला आईनंच उत्तर द्यायचं, तू नाही, एवढं तिला आजच सांगून ठेव. जावयालाही काम लाव, लंगोटांचा हिशेब वहीत लिहायचा त्यानं, शू किती, शी किती, वेळ घालून. आणि रात्री डोळे सारखे भरून यायले, लेकराकडं बघूही वाटेना असं झालं, तर ते लपवू नको, ते बाळंतपणात होतं आणि त्यालाही औषध आहे.

सकाळी डॉक्टरकडच्या काट्यावर लेकराला कपडे काढून ठेवायला सांग, आणि बाहेर आलीस की आधी मला फोन करून आकडा सांग. मग परत 14 व्या दिवशी आशाताईच्या काट्यावर. मी फोन हातातच धरून बसलेली असते.

तुझी मावशी