आंतरराष्ट्रीय धोरणात काम करून धोक्यातली वन्यजीव स्थळं खरंच वाचतात का?

वाचतात, पण तिथल्या सरकारचं मन वळलं तरच. बरंचसं काम कागदी: अहवाल वाचणं, मसुद्यातल्या एकेका शब्दावरून तासन्‌तास घासाघीस करणं. कंटाळवाणं आहे, लपवत नाही. हातात दंडुका नसतो, असते ती नामुष्कीची भीती. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाची प्रवाळभिंत २००९ मध्ये युनेस्कोच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत गेली. पुढे सरकारने समुद्रातल्या तेल उत्खननाला कायद्यानेच रोखलं आणि २०१८ मध्ये तिचं नाव त्या यादीतून निघालं. ओमानमध्ये मात्र उलटं झालं. अरबी ओरिक्स या हरणासारख्या वाळवंटी प्राण्याचं अभयारण्य सरकारने ९० टक्के छाटलं आणि २००७ मध्ये वारसा दर्जाच गेला. असं घडलेलं ते जगातलं पहिलं स्थळ. या क्षेत्रात यायचं असेल तर जीवशास्त्राइतकाच कायदाही शिका. सुरुवात पाणथळ जागा जपण्यासाठीच्या १९७१ च्या रामसर करारापासून करा, तो छोटा आहे.