‘नाना’ लिहिलेला कागद ट्रंकेतून बाहेर काढा

माजी सैनिकांच्या पेन्शनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे मिस्टर मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९८७ला भरती झाले, २००४ला पेन्शनवर आले. येताना मेडिकल बोर्डाने बीपीचा आजार लिहिला, ३० टक्के, कायमचा. पुढे रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं की आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही, सबब डिसेबिलिटी पेन्शन नाही. सहा महिन्यांत अपील करा, असंही त्यात होतं. ह्यांनी पत्र ट्रंकेत टाकलं. म्हणतात, ‘सर्व्हिस पेन्शन चालू आहे ना, आता कशाला भांडायचं?’ वीस वर्षं उलटली. आता काही होईल का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, होऊ शकतं. ते पत्र फाडलं नाही, हे फार बरं केलंत.

तुमच्या पत्रातला मजकूर मला पाठ आहे. लष्करात असताना मी कारकून होतो आणि अशी पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत. फौजी लोक त्याला ‘नाना’ म्हणतात. एनएएनए, म्हणजे सेवेमुळे नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. त्या चार अक्षरांमागे कारण काय लिहिलंय, हे तेव्हा मीही कधी पाहिलं नाही. पाहायला शिकलो ते थोरल्या भावाच्या वेळी.

भाऊ तोफखान्यात होता. दोन्ही कानांनी कमी ऐकू यायला लागलं. बोर्डाने लिहिलं, ‘आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला.’ एवढंच. ठिकाण होतं देवळाली. देवळाली पीस स्टेशन आहे हे खरं, पण तोफखान्याचं शिक्षण तिथेच चालतं, तोफा तिथे डागल्या जातात. बोर्डाच्या फॉर्मवर कारणाचा रकाना आहे. त्यात ते एक वाक्य होतं, आणि तोफेजवळ किती वर्षं उभा होता याबद्दल एक अक्षर नव्हतं. पहिलं अपील एका ओळीत फेटाळलं गेलं. दुसरं मी लिहायला घेतलं, ते पुरं व्हायच्या आत भाऊ गेला. म्हणून तुमच्या मिस्टरांना माझा निरोप सांगा : ही भीक नाही आणि भांडणही नाही. हा त्यांच्या सतरा वर्षांचा हिशोब आहे.

आता कायद्याचं. २ जुलै २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात निकाल दिला. सिग्नल्समधला हा जवान फिट्स येतात म्हणून घरी पाठवला गेला होता. न्यायालयाने म्हटलं, भरतीच्या वेळी कागदावर कुठला आजार नोंदवलेला नसेल, तर जवान तेव्हा ठणठणीत होता असंच धरायचं. नंतर झालेला आजार नोकरीशी संबंधित नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही, सरकारवर आहे. भरतीच्या वेळी आजार का कळला नसता, याची कारणं बोर्डाने लिहिली पाहिजेत, आणि शंका उरली तर फायदा जवानाला. तो निकाल १९८२च्या नियमांवर आहे. तुमचे मिस्टर २००४ला आले, म्हणजे त्यांनाही तेच नियम. २००८ला नियम बदलले, सप्टेंबर २०२३मध्ये पुन्हा बदलले. त्यानंतर घरी आलेल्यांनी माझं हे उत्तर आपल्याला जसंच्या तसं लावू नये.

‘शांतता क्षेत्रात सुरू झाला’ एवढ्यावर दावा नाकारता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५मध्ये मधुमेहाच्या एका प्रकरणात सांगितलं. बीपी काय आणि साखर काय, एका रात्रीत होत नाही. काश्मीरच्या चौकीत सुरू झालेला ताण बेळगावच्या दवाखान्यात मोजला गेला, म्हणून तो बेळगावचा होत नाही.

उशिराबद्दल. पेन्शन दर महिन्याला द्यायची असते, त्यामुळे ती चुकीची नाकारली असेल तर अन्याय दर महिन्याला नव्याने घडतो. तरसेम सिंग प्रकरणात २००८ला सर्वोच्च न्यायालयाने हेच मान्य केलं. वीस वर्षांनीही दार उघडं आहे, फक्त मागची थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. सतरा वर्षांची गेली ती गेली. मला याचं फार वाईट वाटतं, पण तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. आणखी एक महिना थांबलात तर आणखी एका महिन्याची जाईल.

आकड्याचं मात्र चांगलं आहे. मुदत पुरी करून आलेल्या जवानाला किमान २० टक्के अपंगत्व लागतं, ह्यांचं ३० आहे. शिवाय १० डिसेंबर २०१४च्या राम अवतार निकालानंतर मुदत पुरी करून आलेल्यांनाही राउंडिंग मिळतं. ५०च्या आतले ५० धरतात. दावा मान्य झाला तर ३०चे ५० होतील, आणि ही रक्कम सर्व्हिस पेन्शनशिवाय वेगळी.

करायचं काय? आधी मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत मिळवा, तो एएफएमएसएफ-१६ फॉर्म. नसेल तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे मिस्टरांच्या सहीने माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागदही त्यातच मागा. मग दोघं बसून पोस्टिंगची यादी करा : साल, ठिकाण, फील्ड की पीस. डिस्चार्ज बुक समोर ठेवा, आठवणीवर विसंबू नका. यादी जोडून रेकॉर्ड ऑफिसला निवेदन स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. नकार आला किंवा सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जाता येतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फुकट मार्गदर्शन मिळतं. ‘थकबाकीत निम्मे आमचे’ म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : वार्षिक सुट्टीवर गावी असताना मोटरसायकलवरून पडून माझा पाय गेला. नोकरीत असतानाच झालं ना? मग डिसेबिलिटी पेन्शन का नाही?

उत्तर : भाऊ, इथे मला कडू सांगावं लागतंय. सुट्टीत जवान नोकरीतच असतो, पण इजेचा नोकरीच्या कामाशी काही संबंध लागतो, आणि घरच्या कामाने बाहेर पडलेल्याचे दावे सर्वोच्च न्यायालयात टिकलेले नाहीत. तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत. त्या दिवशी तुम्ही गावातच होता, की सुट्टी संपवून युनिटकडे निघाला होता? सरकारी वॉरंटवरचा, म्हणजे सरकारी खर्चाच्या प्रवास-परवान्यावरचा, सुट्टीला जाण्यायेण्याचा प्रवास ड्यूटीत धरतात. तसं असेल तर वॉरंट आणि सुट्टीचा पास शोधा आणि मला पुन्हा लिहा.

प्रश्न : न्यायाधिकरणात माझ्या बाजूने निकाल लागला. आता ऐकतो की सरकार उच्च न्यायालयात गेलंय. माझे पैसे थांबतील का?

उत्तर : सरकार जाऊ शकतं. उच्च न्यायालयांना हा अधिकार आहे, हे मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. पण नुसतं ‘आम्ही वर गेलोय’ म्हटल्याने आदेश थांबत नाही. त्याला स्थगिती लागते. वकिलांना विचारा, स्थगितीचा आदेश आहे का? असेल तर त्याची प्रत मागा. नसेल तर त्याच खंडपीठात अंमलबजावणीचा अर्ज टाका, आणि पैसे द्यायला आदेशात किती महिन्यांची मुदत दिली होती, ते अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात तारखेसकट लिहा.