नेब्रास्काला जाण्याआधी तिथली कोणती पुस्तकं वाचावीत?

तुम्ही विचारलंय की मुलगी अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात नोकरीला आहे, मे-जूनमध्ये दीड महिना तिच्याकडं जाताय, आणि जो तो सांगतोय की नेब्रास्कात बघण्यासारखं काही नाही, नुसता मका आणि गाई, तर जाण्याआधी तिथलं काही वाचावं का आणि काय वाचावं. वाचून जाच. मी लिंकनला, म्हणजे त्या राज्याच्या राजधानीत, चार वर्षं राहिले, नवऱ्याचं काम ज्वारीवरच्या संशोधनातलं होतं (हो, तिथं ज्वारी पिकते, मायलो म्हणतात, बरीचशी जनावरांना जाते), आणि पहिलं वर्षभर मला पण ते राज्य रिकामंच वाटायचं. हायवे ऐंशीवरून गाडी पळवली की खरंच काही दिसत नाही, सपाट जमीन आणि आभाळ. मग पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींनी एक जुनं पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाल्या, हे वाच, मग आपण बोलू.

ते विला कॅथर या लेखिकेचं माय अँटोनिया, १९१८ चं. एकच वाचायचं असेल तर हेच वाचा. कॅथर नऊ वर्षांची असताना, १८८३ मध्ये, तिचं घर व्हर्जिनियातून नेब्रास्कात आलं आणि ती रेड क्लाउड नावाच्या छोट्या गावात वाढली, कादंबरीतलं गाव ते हेच, फक्त नाव बदललंय. गोष्ट सांगणारा जिम नावाचा पोरका मुलगा आहे आणि अँटोनिया ही बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, आलेल्या एका गरीब कुटुंबातली मुलगी. बाप तिकडं व्हायोलिन वाजवणारा, इथं येऊन मातीत खणलेल्या बिळासारख्या घरात राहायला लागतो, भाषा येत नाही, थंडी सोसत नाही, आणि पहिल्याच हिवाळ्यात तो स्वतःचा जीव घेतो. बायको त्याला स्वतःच्या जमिनीच्या कोपऱ्यात पुरायला लावते, जिथं पुढं दोन रस्ते एकमेकांना छेदणार असतात. पुढं रस्ते होतात, पण ते त्या थडग्याला किंचित वळसा घालून जातात. आजूबाजूचं सगळं गवत नांगराखाली गेलं तरी तेवढ्या तुकड्यावर जुनं उंच लाल गवत तसंच राहतं.

आमच्या बार्शीकडं शेतात म्हसोबाचा दगड असतो, नांगर त्याला वळसा घालून जातो आणि त्याच्याभोवती वीतभर जागा कधीच नांगरली जात नाही, तिथं जे गवत असतं ते आजोबांच्या आजोबांच्या वेळचं. हे मला आधी माहीत होतं म्हणून असेल, पण त्या पानावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

आणि हे गवत काय चीज आहे हे कळल्याशिवाय तिथली घरं कळत नाहीत. झाडं नाहीत, लाकूड नाही, दगड नाही, मग लोकांनी गवताची मुळं धरून असलेली माती नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी कापली आणि त्याच्या विटा करून घरं बांधली. आपल्याकडं हरळी किंवा कुंदा उपटून बघितलाय ना, तसं मुळांचं जाळं, पण काही गवतांची मुळं पुरुषभर खोल. त्या घरांना सॉडी म्हणायचे. आपल्या माळवदासारखंच, उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि पावसात वरून माती गळणार. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळायची, अट एवढीच की पाच वर्षं राहून कसायची. ती पाच वर्षं कशी काढली याची हकीकत म्हणजे तिथलं निम्मं साहित्य.

आता एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. माय अँटोनियामध्ये एक जागा पटकन निसटून जाईल अशी आहे, ती निसटू देऊ नका. पहिला बर्फ पडतो तेव्हा जिमला तळ्यापलीकडच्या उतारावर गवतात एक मोठं वर्तुळ उमटलेलं दिसतं. इथं पूर्वी इंडियन लोक, म्हणजे अमेरिकेचे मूळनिवासी, घोडे पळवायचे असं घरातले सांगतात, गडीमाणसं म्हणतात कैद्यांना मध्ये बांधून छळायचे, आजोबा म्हणतात छे, शर्यती लावत असतील नाहीतर घोडे तयार करत असतील. बस. एवढ्या मोठ्या पुस्तकात ज्यांची ती जमीन होती त्यांचं जवळजवळ एवढंच उरलंय, गवतातला एक पुसट गोल. कॅथर मला प्रचंड आवडते, पण नुसती कॅथर वाचून नेब्रास्काला गेलात तर जमीन आधी मोकळीच पडून होती असा समज घेऊन याल, आणि तो खोटा आहे. नेब्रास्का हे नावच मुळी तिथल्या ओटो या मूळनिवासी जमातीच्या भाषेतलं, सपाट पाणी असा अर्थ, प्लॅट नदीचं वर्णन आहे ते.

म्हणून दुसरं पुस्तक लगेच जोडून वाचा, जो स्टारिटा यांचं आय ॲम अ मॅन. स्टँडिंग बेअर हा पोंका जमातीचा एक प्रमुख. १८७७ मध्ये सरकारने पोंकांना नायोब्रारा नदीकाठच्या त्यांच्या गावांतून उठवून आजच्या ओक्लाहोमात हलवलं, तिथं रोगराईने माणसं पटापट मेली, त्याचा मुलगा पण गेला. मरताना मुलाने सांगितलेलं की मला आपल्या मातीत पुरा. तर हा बाप १८७९ च्या जानेवारीत, भर थंडीत, मुलाची हाडं घेऊन तीसेक लोकांसोबत शेकडो मैल उत्तरेला निघाला. परवानगीशिवाय निघाले म्हणून लष्कराने पकडलं आणि खटला चालला तो ओमाहात, म्हणजे तुमची मुलगी राहते त्याच शहरात. इंडियन हा कायद्याच्या अर्थाने ‘व्यक्ती’ आहे का, हा कोर्टापुढचा प्रश्न होता! न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला की आहे, आणि त्यांना सोडलं. लेकाच्या अस्थी पोचवायला निघालेल्या बापाची गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक, अ वॉरियर ऑफ द पीपल, हे मी प्रत्येक मराठी माणसाला वाचायला सांगते. डॉक्टर सुझन लाफ्लेश पिकॉट, ओमाहा जमातीतली मुलगी, १८६५ चा जन्म, पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणारी पहिली मूळनिवासी अमेरिकन बाई. लहानपणी तिने एक म्हातारी आजारी बाई रात्रभर डॉक्टरची वाट बघत मरताना पाहिली, निरोप पुन्हा पुन्हा गेले पण सरकारी गोरा डॉक्टर आलाच नाही. ती शिकली कुठं, तर फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात. नाव ओळखीचं वाटलं? आपल्या आनंदीबाई जोशी तिथल्याच. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, आणि सुझन तिथं दाखल झाली त्याच वर्षीच्या शरद ऋतूत. काही महिन्यांच्या फरकाने दोघींची गाठ हुकली. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असतील, मी नवऱ्याला उठवून सांगितलं. आनंदीबाई परत येऊन काही महिन्यांत गेल्या, त्यांना काम करायला मिळालंच नाही. सुझनला मिळालं. १८८९ मध्ये वर्गात पहिली येऊन ती आपल्या माणसांत परत गेली, घोड्यावरून, बग्गीतून, बर्फातून घरोघरी फिरली, बाराशेच्या वर लोकांना ती एकटी डॉक्टर, आणि १९१३ मध्ये वॉल्टहिल गावात दवाखाना उभा केला. ती इमारत अजून आहे. ओमाहाहून दीड तासाच्या आतबाहेर, लेकीला रविवारी गाडी काढायला सांगा.

आता मारी सँडोझ. ओल्ड ज्यूल्स, १९३५ चं, तिच्या बापाचं चरित्र. हे पश्चिमेकडच्या सँडहिल्समधलं, म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, मैलोन्मैल, त्यांच्यामधून हायवे नंबर दोन जातो आणि माझ्या मते त्या राज्यातला सगळ्यात सुंदर रस्ता तोच. ज्यूल्स स्वित्झर्लंडहून आलेला, शिकलेला, त्या वाळूत फळबागा फुलवणारा, गरीब वसाहतकऱ्यांसाठी गुरांच्या मोठ्या मालकांशी भांडणारा, आणि घरी बायकापोरांना मारणारा. हे दोन्ही तिने लिहिलंय, काही झाकलेलं नाही, म्हणून आधीच सांगते की काही पानं वाचवत नाहीत. लहानपणी वादळात बर्फाखाली गाडली गेलेली गुरं उकरून काढताना बर्फाच्या चकाकीने तिच्या एका डोळ्याची नजर गेली. बापाला तिने लेखक होणं कधीच मान्य नव्हतं, आणि शेवटी मरायला टेकल्यावर त्यानेच सांगितलं की माझं आयुष्य लिही. प्रकाशकांनी पुस्तक कितीतरी वेळा परत पाठवलं. तिची कबर बागेजवळच्या टेकडीवर आहे, पण ओमाहाहून ते फार लांब, एका दिवसात होत नाही, जमलं तरच जा.

इतकं सगळं जड वाचून झाल्यावर टेड कूझरच्या कविता वाचा. हा माणूस लिंकनला विमा कंपनीत नोकरी करायचा, पहाटे उठून लिहायचा आणि मग ऑफिसला जायचा, आणि पुढं २००४ ते २००६ अमेरिकेचा राजकवी झाला. कविता आठ-दहा ओळींच्या, भाषा इतकी साधी की डिक्शनरी लागत नाही. विंटर मॉर्निंग वॉक्स हे माझं सगळ्यात लाडकं, कॅन्सरच्या उपचारानंतर उन्हात जायला मनाई होती म्हणून तो उजाडायच्या आत चालायला जायचा आणि रोज एक छोटी कविता पोस्टकार्डावर चिकटवून मित्राला पाठवायचा, अशा शंभर. रोज सकाळी चहासोबत एक, एवढंच पुरतं. आणि लॉरेन आयझलीच्या द इमेन्स जर्नीमधलं निदान एक प्रकरण, ज्यात पोहता न येणारा हा लिंकनचा माणूस प्लॅट नदीत पाठीवर पडून वाहत जातो आणि डोंगरापासून समुद्रापर्यंतचा सगळा उतार त्याला अंगाखाली जाणवतो. नदी तिथं इतकी उथळ आणि पसरट आहे की पुलावरून बघताना काही वाटत नाही, हे वाचल्यावर वाटतं.

ब्लॅक एल्क स्पीक्सचं नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. ते नेब्रास्काच्या कवीने, जॉन नायहार्टने, लिहिलंय पण ज्याच्यावर लिहिलंय तो ब्लॅक एल्क, लकोटा जमातीचा धर्मपुरुष, आणि त्याची जागा साउथ डकोटाची, आणि त्यात ब्लॅक एल्कचं किती आणि नायहार्टचं किती यावर अभ्यासकांचे वाद आहेत. वाईट नाही, पण आधी वरची वाचा.

इंग्रजीचं टेन्शन असेल तर कॅथर घाबरवत नाही, वाक्यं सरळ असतात. माय अँटोनिया कॉपीराइटमधून बाहेर आलंय, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं, लिब्रीव्हॉक्सवर ऐकायला पण आहे. माझ्या आईने ते स्वयंपाक करता करता ऐकून संपवलं, रोज एक प्रकरण, आणि नंतर फोनवर मला विचारायची की पुढं त्या पोरीचं बरं झालं ना. आईला तेव्हा अमेरिका म्हणजे उंच बिल्डिंगा एवढंच माहीत होतं.

रेड क्लाउड ओमाहाहून तीन-साडेतीन तास. कॅथरचं लहानपणीचं घर, जुनं ऑपेरा हाउस, आणि जिच्यावरून अँटोनिया लिहिली त्या बाईंचं शेतघर, हे सगळं दाखवतात, आधी फोन करून वेळ विचारून घ्या. पण गावाच्या दक्षिणेला पाच मैलांवर कॅथरच्या नावाने राखलेलं सहाशेवर एकरांचं गवत आहे, कधीच न नांगरलेलं, तिथं नक्की उतरा आणि गाडी बंद करून थोडं आत चालत जा. मे-जूनमध्ये ते हिरवं आणि गुडघ्याएवढंच असेल, पुस्तकातला वाइनसारखा लाल रंग सप्टेंबर-ऑक्टोबरात चढतो. आणि आत शिरताना पूर्ण पँट, वर ओढलेले मोजे, आल्यावर अंग नीट तपासा, त्या दिवसांत तिथं गोचीड फार असतात.