स्लो कुकरमधला राजमा

प्रश्न : मी परदेशात शिकते. सकाळी स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) राजमा, टोमॅटो, कांदा एकत्र लावून कॉलेजला जाते. संध्याकाळी दाणे टणकच असतात आणि दोनदा खाल्ल्यावर उलट्याही झाल्या. चुकतं कुठे?

उत्तर : आधी उलट्यांचं बघू, कारण ते गंभीर आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते खळखळ उकळल्यावरच निकामी होतं. स्लो कुकरचं तापमान अनेकदा तेवढं चढत नाही, आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपास शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. अशा वेळी एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या सुरू होतात. त्यामुळे कोरडा राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीच घालू नका.

रात्री एक वाटी राजमा चार वाट्या पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर ३० मिनिटं खळखळ उकळा, मगच स्लो कुकरमध्ये टाका. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असतो. घाईच्या दिवशी तो निथळून, धुऊन वापरा.

दाणे टणक राहतात ते टोमॅटोमुळे. आंबटपणात साल मऊ होत नाही, म्हणून दाणा बोटांत सहज चुरडला की मगच टोमॅटो घाला. मिठाला मात्र उगाच दोष देतात. भिजवतानाच घातलं तरी चालतं. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा मदत करतो.

उरलेला राजमा उथळ डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा.