जुनी व बिघडलेली मॉडेल रेल्वे इंजिने परदेशातून मागवावीत का? ‘एक्सलंट’ या प्रतीवर किती विसंबावे?

आपण विचारले आहे की, ब्रिटनमधील जुन्या मॉडेल रेल्वेचे विक्रेते ‘एक्सलंट’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’ अशी प्रत लावून जी इंजिने विकतात आणि ‘स्पेअर्स ऑर रिपेअर’ (सुट्या भागांसाठी किंवा दुरुस्तीसाठी) म्हणून जी स्वस्तात काढतात, त्यांपैकी आपल्याकडच्या माणसाने काय घ्यावे. माझे उत्तर असे की, दोष सांगून विकलेले इंजिन घ्यावे आणि वरच्या प्रतीसाठी जादा पैसे मोजू नयेत. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी ३१ वर्षे तपासणी विभागात काढली. ओतलेल्या मालाला प्रत लावणे हेच माझे काम होते, त्यामुळे प्रत कशाला म्हणावी याविषयी माझी मते पक्की आहेत.

या छंदातली प्रत मुख्यतः रंगाची, अक्षरांची आणि खोक्याची असते. अमेरिकेत ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची १ ते १० अशी मोजपट्टी निदान सर्वांना ठाऊक असते आणि तिच्यात १० म्हणजे कोरा माल. ब्रिटनमध्ये जो तो विक्रेता आपापले शब्द वापरतो, त्यामुळे एकाचे ‘गुड’ ते दुसऱ्याचे ‘व्हेरी गुड’ ठरते. यात लबाडी असतेच असे नाही. मात्र इंजिनाच्या पोटातल्या धातूची तपासणी यांपैकी कोणीच केलेली नसते.

आमचे वडील लोंढ्याला रेल्वेत होते. मीटरगेजच्या काळात लोंढा ते कॅसलरॉक या रानातल्या मार्गावर आधी फायरमन आणि पुढे ड्रायव्हर म्हणून नोकरी करून ते १९९१ साली निवृत्त झाले. २०१४ मध्ये त्यांचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले, तेव्हा त्यांना एक धावणारे लहान इंजिन द्यावे, असे मी सुचवले. त्यांनी चालवलेल्या मीटरगेज इंजिनाचे तयार मॉडेल माझ्या पाहण्यात नव्हते, म्हणून ओओ प्रमाणातले, म्हणजे १:७६ चे आणि १६.५ मिलिमीटर रुळांवर चालणारे, ब्रिटिश वाफेचे इंजिन घ्यायचे ठरले. एका विक्रेत्याच्या यादीत दोन इंजिने मनात भरली. एक मोठे, ‘एक्सलंट, खोक्यासह’, ९५ पौंडांचे; दुसरे लहान टँक इंजिन, ‘चालत नाही, सुट्या भागांसाठी’, १८ पौंडांचे. लहान घेऊन मी ते दुरुस्त करतो, असे मी म्हणालो. आमचे दाजी पुण्याला बँकेत अधिकारी होते. ते म्हणाले, “देण्याची वस्तू मोडकी नसावी. शिवाय प्रत लावणारा माणूस काय खुळा आहे?” शेवटी मोठे इंजिन आम्ही दोघांनी निम्मेनिम्मे पैसे घालून घेतले आणि लहान मी माझ्या खिशातून त्याच पार्सलमध्ये मागवले.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या घरी पार्सल उघडले, तेव्हा मोठ्या इंजिनाच्या रंगावर खरोखरच नखाएवढाही ओरखडा नव्हता. तरी सवयीने मी त्याच्या पायपट्टीवर, म्हणजे चाकांच्या वर बाजूने जाणाऱ्या अरुंद फळीवर, पोलादी पट्टी उभी टेकवून दिव्याकडे धरली. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड दिसत होता, म्हणजे मधला भाग केसभर वर आला होता. मी ते दाखवले, तर दाजींनी खोक्यावरची चिठ्ठी दाखवली. घरात कार्य होते, म्हणून मी विषय वाढवला नाही. त्या दिवशी इंजिन धावले, सगळ्यांनी कौतुक केले. वडिलांनी मात्र चष्मा काढून कान टेबलाशी नेला आणि “हे कुठेतरी अडकतंय रे” एवढेच ते म्हणाले.

दोन पावसाळ्यांनंतर ते इंजिन जागच्या जागी रुतले. वरचे कवच निघेना. निघाले तेव्हा आतला ओतीव सांगाडा आटलेल्या तळ्यातल्या गाळासारखा भेगाळलेला दिसला. व्हर्नियरने मापले, तर मूळ सरळ असायला हवी ती बाजू मध्यभागी फुगलेली होती. ज्या छिद्रांतून चाकांचे आस जातात ती वाकडी झाली होती, आणि एक कोपरा बोटांत धरताच बिस्किटासारखा चुरला.

या रोगाला इंग्रजीत झिंक पेस्ट (pest, म्हणजे जस्ताची कीड) म्हणतात. असे सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूत ओततात आणि त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते. जस्त शुद्ध असेल तर हा धातू पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. परंतु त्यात शिशाची मात्रा टक्क्याच्या काही सहस्रांशांपलीकडे गेली, की कणांच्या सांध्यांमधून गंज आत शिरतो, धातू फुगतो आणि तडकतो. ऊब आणि दमट हवा मिळाली की हे अधिक वेगाने होते. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस लक्षात घ्या. यावर उपाय नाही. ना डाग देता येतो, ना लांबी (पुटी) भरून भागते. सांगाडाच बदलावा लागतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मालात हा रोग पुष्कळ आढळतो, पण अलीकडच्या काही ओतकामातही तो निघालेला आहे, म्हणून नवे साल पाहून निर्धास्त राहू नये.

आता १८ पौंडांच्या इंजिनाचे सांगतो. त्याचा सांगाडा पट्टीला चोख सरळ होता. मोटार उघडली तर कॉम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर टेकतात त्या फिरत्या तांब्याच्या भागाच्या, खाचा काळ्या मळाने बुजलेल्या, एक कार्बन ब्रश झिजून स्प्रिंगेपर्यंत आलेला आणि गिअरवरचे ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टोक काढलेली काडेपेटीची काडी घेऊन खाचा साफ केल्या. खडेबाजारातून मिक्सरचा कार्बन ब्रश आणला आणि कानशीने घासून मापाला बसवला. आसांना सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब दिला. बारा व्होल्ट दिल्यावर पहिल्यांदा ते नुसते थरथरले, हाताने किंचित ढकलताच चालू लागले आणि अर्ध्या तासात गुळगुळीत धावायला लागले. २०१९ मध्ये वडील गेले, तोवर तेच इंजिन रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर टेबलावर फिरत असे. दाजी आजही म्हणतात की मोठ्या इंजिनाच्या बाबतीत आपले नशीब खोटे ठरले. मला हे मान्य नाही. पट्टीखालून उजेड दिसत होता आणि तो मी पार्सल आले त्याच दिवशी दाखवला होता.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. लंडनचा गिऱ्हाईक प्रत चुकीची निघाली तर इंजिन परत पाठवतो, आणि त्याच भरवशाचे पैसे वरच्या प्रतीच्या किमतीत धरलेले असतात. आपण बेळगावाहून परत पाठवायचे म्हटले, तर जाण्यायेण्याचा टपालखर्चच जड होतो आणि भरलेली जकात सहजी हाती येत नाही. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले होते. मागवण्याच्या दिवशीचा दर पाहूनच हिशेब मांडावा, आणि ही आकारणी टपालखर्च धरून होते हे विसरू नये. थोडक्यात, जो भरवसा आपल्याला वापरता येत नाही, त्याचे पैसे आपण देतो आणि वर त्यावर जकातही भरतो.

घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे इंजिन उलटे करून काढलेला फोटो मागा आणि बाजूने, पट्टी टेकवलेला, आणखी एक मागा. चाके हाताने फिरतात का, ते विचारा. प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर बहुधा आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर चिरला आहे, आणि तो भाग मिळत असेल तर खुशाल घ्यावे. ब्रश, वायर, विद्युतप्रवाह घेणाऱ्या पत्र्या, चाकांवरचे रबरी टायर, तुटलेले कपलिंग हे दोष घरी निघतात. ‘तपासलेले नाही’ असे लिहिलेल्या मालाला मात्र मी हात लावणार नाही. मोटारीला ९ व्होल्टची बॅटरी टेकवून पाहायला दोन मिनिटे लागतात, आणि तेवढेही न करता जो विकतो त्याला उत्तर नको असते, असे माझे मत आहे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ज्यांना इंजिन धावायला नको असून कपाटात मांडायचे आहे, त्यांच्यासाठी खोके आणि रंग यांनाच मोल आहे आणि त्यांनी माझे ऐकू नये. हॉर्नबी डब्लो ही १९३८ पासूनची जुनी ब्रिटिश मॉडेल रेल्वेची मालिका मुळात तीन रुळांची आहे. त्यातली दोन रुळांची इंजिने १९५९ पासूनची, तेव्हा जुनी घेऊन आजच्या रुळांवर ती चालतील असे समजू नका. डिजिटल डिकोडर (रुळांतून आलेला संदेश वाचून मोटार चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बसवलेले बिघडलेले इंजिन पहिल्याच खेपेला घेऊ नका, कारण दोष मोटारीत आहे की डिकोडरमध्ये हे ओळखायला सवय लागते. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नका. कापडी वेष्टणाची वायर असलेला जुना कंट्रोलर (रुळांना वीज देऊन वेग कमीजास्त करणारा डबा) फुकट मिळाला तरी प्लगमध्ये लावू नका. बारा व्होल्टचा नवा घ्या.

मोठ्या इंजिनाचे कवच, चाके आणि मोटार मी जपून ठेवली आहे. त्याच मापाचा सांगाडा दोष सांगून विकलेल्या एखाद्या इंजिनातून मिळाला, की ते पुन्हा उभे करणार आहे, आणि त्याचे पूर्ण पैसे मी देईन, असे दाजींना कळवले आहे.